पऱ्हाटीचं नाताळचं झाड

दुपारची वेळ आहे. कुणी वेचणीवरून आलं असेल, कुणी ज्वारी निवडत असेल. काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

आज बोलायचं आहे नाताळच्या झाडाविषयी. काही जणी लगेच म्हणतील, हा काय आपला विषय? पण आमच्या ग्रामसंघातल्या तीन गटांत ख्रिस्ती बहिणी आहेत. त्या हप्ता भरतात, बैठकीला येतात, आमच्या हळदीकुंकवाला येऊन तिळगूळ घेऊन जातात. आपल्या भागात ही घरं आजची नाहीत. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल हे गाव वसवलं, ते एकोणिसाव्या शतकात. कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली झाला, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून गंगापूर-वैजापूरकडे प्रार्थनाघरं आहेत. यांचा नाताळ म्हणजे करंज्या, शेव, लाडू, दारावर कागदाचा तारा आणि रात्री ढोलकी-टाळावर गाणी. फराळाचं ताट पाहून दिवाळी की नाताळ, ओळखू येणार नाही.

तर चार वर्षांमागची गोष्ट. नोव्हेंबरची बैठक होती. कर्जमागणी सुरू झाली आणि आमच्यातल्या एका ताईने अठराशे रुपये मागितले. कशासाठी, तर नाताळच्या झाडासाठी. प्लास्टिकचं, पाच फुटी, हिरवंगार. तिची लेक शहरातल्या शाळेत सातवीला होती. तिने एका मैत्रिणीकडे ते झाड पाहिलं आणि हट्ट धरला. बैठकीत कुजबुज झाली. झाडासाठी कर्ज? एक वहिनी बोलून गेली, "दरसाल शाळेमागच्या सुरूच्या फांद्या आणता की तुम्ही, तेच आणा." दुसरी म्हणाली, "आता कुठला सुरू? तोडून तोडून वाळवला यांनी."

आता हे बोलणं चांगलं नव्हतं. ताई गप्प बसली नाही. म्हणाली, "वटपौर्णिमेला वडाच्या फांद्या कोण तोडून आणतं? दसऱ्याला आपटा कोण ओरबाडतं? आम्ही दोन फांद्या आणल्या तर सुरू वाळला होय?"

बैठक एकदम शांत झाली. कारण खरं होतं ते. वटपौर्णिमेला पाच जणी वडापर्यंत जातात आणि पंचवीस जणींना घरी फांदी हवी असते. दसऱ्याला तर आपटा पुरत नाही म्हणून कांचनाची पानं आपटा म्हणून विकतात. दोन्ही पानं मधोमध दुभंगलेली, शहरात कुणाला फरक कळत नाही. आम्ही बायकाच झाडांना राख्या बांधतो, आम्हीच फांद्या मोडतो. त्या दिवशी इतिवृत्तात काय लिहावं ते आम्हाला सुचेना. शेवटी लिहिलं, "झाडाचा विषय पुढच्या बैठकीत." आणि ठरवलं की ताईला नाही म्हणण्याआधी आपणच शोधू, कुठलं झाड घ्यावं. खिशालाही परवडेल आणि कुठल्या जित्या झाडाचा जीवही जाणार नाही, असं.

सुरूचं आधी सांगतो. सुरू आपल्याकडे कोकणाच्या किनाऱ्यावर जास्त. इकडे शाळा, कचेऱ्या, जुने बंगले यांच्या आवारात एखाद-दुसरा. पानं सुयांसारखी लोंबती, म्हणून नाताळला चालून जातो. पण सुरू बाभळी-कडुनिंबासारखा नाही. बाभूळ छाटली की फुटते, कडुनिंब तोडला की धुमारे येतात. सुरू खोडापासून सहसा नीट फुटत नाही. शेंडा गेला की झाडाचा आकारच गेला. शाळेमागच्या सुरूचं तेच झालं. एकट्या ताईने नाही, सगळ्या वस्तीने, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाला कमान करायला म्हणून आमच्याही पोरांनी तोडला होता.

मग रोपवाटिकेतलं झाड. तिथे "ख्रिसमस ट्री" अशी पाटी लावून कुंडीत विकतात. मजल्यामजल्याने आडव्या फांद्या, दिसायला फारच देखणं. जिवंत झाड, तोडायचं नाही, दरवर्षी तेच सजवायचं. आम्हाला पटलं. त्या वर्षी पाच घरांनी पाच रोपं घेतली, गटाने अंतर्गत कर्ज दिलं. नाताळ छान झाला. एप्रिलमध्ये टोकं तपकिरी पडायला लागली. जूनपर्यंत पाचांतली चार गेली. कर्जाचे हप्ते मात्र सप्टेंबरपर्यंत चालू होते. वाळक्या झाडाचा हप्ता भरताना बाईला काय वाटतं, ते सांगायला नको.

नंतर कळलं, या झाडाचं नाव अरोकेरिया. त्याचं मूळ घर प्रशांत महासागरातली बेटं, नॉरफोक बेट, न्यू कॅलेडोनिया. तिथे समुद्राची दमट हवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, पिण्याला टँकर लागतो, आणि आम्ही ते कुंडीत ठेवून पत्र्याच्या कडेला उन्हात मांडलं. त्याचा काय दोष? जगलेलं पाचवं झाड न्हाणीच्या पाण्यावर, कडुनिंबाच्या सावलीत आहे. तेही घेताना ध्यानात ठेवा, त्याच्या देशात ते ताडामाडाहून उंच जातं. घराच्या भिंतीला लावायचं झाड नाही ते. पाणी आणि जागा असेल त्यांनी खुशाल घ्यावं, उन्हाळ्यात सावली धरावी. कुंडीत जितंच झाड हवं असेल तर आमचं मत मोरपंखीला. शहरातल्या कुठल्याही रोपवाटिकेत मिळते, आकार आपसूक निमुळता असतो आणि आपल्या उन्हाला ती अरोकेरियापेक्षा काटक आहे. पाणी मात्र तिलाही लागतंच.

प्लास्टिकच्या झाडाचा हिशेब आम्ही जरा जास्त खोलात केला, कारण मागणी त्याचीच होती. ही झाडं बहुतेक पीव्हीसीची, म्हणजे पाण्याचे पाइप ज्याचे करतात त्याच जातीच्या प्लास्टिकची, आत लोखंडी तार. बरीचशी चीनमधून येतात. ब्रिटनमध्ये कार्बन ट्रस्ट नावाची संस्था आहे. तिने मोजलं की साधारण साडेसहा फुटी प्लास्टिकचं एक झाड तयार होण्यापासून टाकून देण्यापर्यंत ४० किलो कार्बन डायऑक्साइडइतका बोजा हवेत टाकतं. तिकडे शेतात वाढवून तोडलेलं खरं झाड सणानंतर जाळलं किंवा भुसा करून मातीत घातलं तर हा बोजा साडेतीन किलोच्या आसपास. तेच खरं झाड कचऱ्याच्या ढिगात कुजत पडलं तर १६ किलो. म्हणजे प्लास्टिकचं झाड दहा-बारा वर्षं वापरलं तरच त्याचा हिशेब बसतो.

यात एक गोष्ट समजून घ्या. तिकडे युरोप-अमेरिकेत या झाडांची शेती होते, जसा आपला ऊस. अमेरिकेत वर्षाला अडीच-तीन कोटी झाडं विकली जातात. लावल्यापासून सहा-सात फूट व्हायला सात-आठ वर्षं तरी लागतात, एक तोडलं की दुसरं लावतात. त्यांचं "खरं झाड घ्या" हे सांगणं त्यांच्या जागी बरोबर आहे. ते वाचून आपण इथला सुरू तोडला तर ते बरोबर नाही. तिथलं उत्तर इथे जसंच्या तसं लागू पडत नाही.

ज्यांच्या घरी प्लास्टिकचं झाड आधीच आहे, त्यांनी आजचं ऐकून ते फेकू नका. फेकलं तर सगळंच वाया. पिशवीत गुंडाळून माळ्यावर ठेवा, उंदरांपासून जपा, दहा-पंधरा वर्षं वापरा, नणंदेला द्या, प्रार्थनाघराला द्या. एक मात्र कधीही करू नका. तुटलं म्हणून चुलीत किंवा उकिरड्यावर जाळू नका. पीव्हीसी जळताना घशाला जाळणारा आम्लाचा धूर निघतो आणि डायऑक्सिनसारखी विषं तयार होतात. चुलीपुढे बसणारी बाई तो धूर पहिल्यांदा घेते.

आता आमच्या झाडाकडे येतो. ते आम्हाला कुणी शिकवलं नाही. आमच्या गटातली एक मावशी, शाळेची पायरी न चढलेली, डिसेंबरात सरपणासाठी पऱ्हाट्यांचा भारा घेऊन येत होती. ओसरीत टेकवला. ताईची लेक तिथेच होती. मावशीने भाऱ्यातली एक पऱ्हाटी उपसली, मुळं वर केली, मग खाली केली, आणि म्हणाली, "हे बघ गं, तुझं झाड. बर्फासकट!" शेंड्याला दोन बोंडं फुटलेली होती, वेचणीत सुटलेली.

आम्ही आधी हसलो. मग पाहत राहिलो. कपाशीचं झाड मुळातच खाली रुंद, वर निमुळतं. खालच्या फांद्या लांब, वरच्या आखूड. चित्रातल्या नाताळच्या झाडाचाच आकार. आणि मराठवाड्यात डिसेंबरात पऱ्हाटीला काय तोटा?

पण इथे एक अडचण आहे, आणि आजच्या बोलण्यातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. गुलाबी बोंडअळी. २०१७ सालचा तो हंगाम कुणी विसरलं नसेल, बोंड फोडावं तर आत अळी आणि काळी सरकी. ही अळी हंगाम संपल्यावर किडक्या बोंडांत, सरकीत झोपून राहते आणि पुढच्या कपाशीवर उठते. म्हणून कृषी विभाग दरवर्षी सांगतो, डिसेंबरअखेर कपाशी काढा, फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या बांधावर किंवा घराशी रचून ठेवू नका. आता आपण नाताळसाठी पऱ्हाटी घरात आणली आणि कौतुकाने जूनपर्यंत ठेवली, तर आपणच अळीला ओसरी दिली.

म्हणून आमचा नियम प्लास्टिकच्या बरोबर उलटा. ते झाड दहा वर्षं ठेवायचं, हे झाड तीन आठवडे. डिसेंबरच्या मध्याला, शेवटची वेचणी झालेल्या कोरडवाहू शेतातून उपटायचं. नुकती फवारणी झालेल्या शेतातलं घ्यायचं नाही, आणि झटकताना तोंडाला पदर बांधायचा. न फुटलेली, किडलेली, कवडी पडलेली सगळी बोंडं तिथल्या तिथे तोडून जाळायची. चांगली फुटलेली बोंडं वेचून कापसात जाऊ द्यायची. राहतं ते बोंडाचं वाळलेलं टरफल, चार-पाच टोकदार पाकळ्यांचं, वेचताना बोटं ओरबाडतं तेच. ते राहू द्यायचं, त्याच्यासारखी शोभा विकत मिळत नाही. सहा जानेवारीला, तीन ज्ञानी लोकांचा सण झाला की झाड चुलीत. एक स्वयंपाक निघतो त्याच्यावर.

करायचं कसं, तर चार-साडेचार फुटी, फांद्या चांगल्या फुटलेली पऱ्हाटी निवडा. मुळाची माती धुवा, दोन दिवस ऊन द्या, हलकेच आपटून पानं पाडा. जुना पत्र्याचा डबा किंवा गळकी घागर घ्या, तळाला दगड, वर मुरूम, त्यात झाड ताठ उभं करा. एक पऱ्हाटी विरळ वाटली तर दोन-तीन एकत्र सुतळीने बांधा. मग चुन्याची निवळी कालवून कुंच्याने फांद्यांवर मारा. वाळलं की पांढरंशुभ्र होतं.

चुना का, कापूस का नाही, ते आमच्या फजितीतून आलं. पहिल्या वर्षी आम्ही हौसेने फांद्याफांद्यांना कापूस चिकटवला आणि खाली मेणबत्ती लावली. कुणाचा तरी पदर लागला, मेणबत्ती कलंडली आणि कापूस भक्कन पेटला. माठ जवळ होता म्हणून निभावलं. चटईला भोक पडलं ते आजही आहे. वाळकी पऱ्हाटी आणि कापूस, याहून पेटायला सोपं दुसरं काही नाही. म्हणून मेणबत्ती झाडाजवळ नकोच, ती गव्हाणीपासूनही लांब, घंगाळात पाणी घालून त्यात. विजेची माळ लावायचीच असेल तर एलईडीची घ्या, ती तापत नाही, पण वायर सोललेली नसावी आणि झोपताना बटण बंद. आमच्या बऱ्याच घरांत आता माळ दारावरच्या ताऱ्यालाच लावतात, झाडाला नाही.

सजावटीला घरातलंच. जुन्या लुगड्याचे काठ, एकट्या उरलेल्या काचेच्या बांगड्या, चिंचोके, भोपळ्याच्या बिया दोऱ्यात ओवून. शेंड्यावरचा तारा ज्वारीच्या धांड्याचा. धांड्याची बैलगाडी ज्याने लहानपणी केली त्याला तारा अवघड नाही. गुंजा मात्र ओवू नका, लाल-काळ्या दिसतात सुंदर, पण बी विषारी आहे. एरंडाचंही तसंच. लहान लेकरू तोंडात घालतं. थर्मोकोलचे गोळे, चांदण्या आणू नका. सजावटीच्या थर्मोकोलवर आपल्या राज्यात २०१८ पासून आणि १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, तरी गुपचूप मिळतो. आणि ती चमकी. चमकी म्हणजे प्लास्टिकचा भुगा. झाडून गोळा होत नाही, शेणात जाते, मातीत जाते. युरोपात २०२३ पासून तिच्यावर निर्बंध आणलेत.

झाडाखाली गव्हाणी. आमच्या ख्रिस्ती बहिणींनीच आम्हाला सांगितलं की बायबलमधल्या जन्माच्या कथेत झाड नाहीच, गव्हाणी आहे. झाड नंतर आलं, जर्मनीकडून. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया आणि तिचा नवरा अल्बर्ट यांचं झाडाभोवतीचं चित्र १८४८ मध्ये एका सचित्र साप्ताहिकात छापलं गेलं आणि घरोघर चाल पडली. गव्हाणी मात्र आपल्या गोठ्यातली, रोज हात लागणारी. कडब्याच्या पेंढीचं छप्पर, खाली भुस्सा. बाळाशेजारी जनावरं हवीत, तर ताईच्या घरी पोळ्याचे मातीचे बैल नाताळपर्यंत जपून ठेवतात. पोळ्याची बैलजोडी गव्हाणीशी उभी असते, शिंगांना बेगड तसाच.

दोन वर्षांपूर्वी आम्हाला वाटलं, हे विकू. वीस झाडं केली. खरं सांगतो, फार काही जमलं नाही. आपे रिक्षातून शहरात नेताना शेंडे मोडले. पऱ्हाटी वाळली की कडक असते, वाकत नाही, तुटते. बारा विकली गेली, आठ परत आली आणि चुलीत गेली. फ्लॅटमधल्या बाया म्हणायच्या, "छान आहे, पण हिरवं नाही." एकीच्या सांगण्यावरून चार झाडांना हिरवा ऑइलपेंट मारला, तर मग ती चुलीत घालायच्या लायकीची राहिली नाहीत. तो रंगाचा खर्च आम्ही हिशेबात "चूक" असा मांडला. मजुरी धरली तर बाईला दिवसाचे वेचणीपेक्षाही कमी पडले. त्यामुळे हा धंदा आहे असं आम्ही कुणाला सांगणार नाही. घरासाठी, प्रार्थनाघरासाठी, शाळेसाठी करा. तारे आणि धांड्याच्या वस्तू मात्र विकल्या गेल्या, त्या हलक्या, मोडत नाहीत.

ज्यांच्या दारात झाड उभं आहे त्यांना तर एवढंही करायला नको. पेरू, मोसंबी, लिंबू, जे असेल ते जागच्या जागी सजवा. खिळा ठोकू नका, तार आवळू नका, सुती दोऱ्याने बांधा आणि सहा जानेवारीला सोडवा. रात्रभर दिवे नकोत, झाडावर पाखरं झोपलेली असतात.

ताईचं ते अठराशेचं कर्ज? ते तिने नंतर घेतलं, शिलाई मशीनच्या दुरुस्तीसाठी. लेक आता अकरावीला आहे. पहिल्या वर्षी पऱ्हाटीचं झाड पाहून ती रडली होती, हेही सांगायला हवं. शाळेतल्या मैत्रिणीला घरी बोलवणार नाही म्हणाली. आम्ही कुणी तिला समजावायला गेलो नाही. बाराव्या-तेराव्या वर्षी दुसऱ्यासारखं असावं वाटतं, आम्हालाही वाटायचं. पुढच्या वर्षी तिने स्वतःच धांड्याचा तारा केला, सहा टोकांचा, आमच्या कुणाला तसा जमत नाही.

आणि शाळेमागचा सुरू. वरून वाळलेला होता, तो मागच्या पावसाळ्यात पडला. त्या जागी मुलांनी आपटा लावलाय, सभोवती बोरीचे काटे. त्याला हात लावायचा नाही असं ठरलंय, दसऱ्यालाही नाही. ते ठरवताना हीच ताई सगळ्यात मोठ्याने बोलत होती.

या वर्षी प्रार्थनाघरासाठी आठ फुटी झाड करायचं आहे. एका पऱ्हाटीचं होणार नाही, मधे बांबू घालून भोवती बारा-पंधरा पऱ्हाट्या बांधाव्या लागतील. ज्यांची शेवटची वेचणी पंधरा डिसेंबरपर्यंत आटोपते त्यांनी आपल्या गटाच्या सचिवाला कळवा. बोंडं मात्र शेतातच तोडून या.